पुरुषाचं काम, बाईची मजुरी : ब्रिटनच्या विमेन्स लँड आर्मीचा प्रकरण अभ्यास

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी ब्रिटनमध्ये खाल्लं जाणारं निम्म्याहून कितीतरी जास्त अन्न बोटीने यायचं. गहू कॅनडाचा, लोणी आणि बेकन डेन्मार्कचं, मटण न्यूझीलंडचं. अन्नधान्य आणि पशुखाद्य मिळून वर्षाला सुमारे २ कोटी टन माल बंदरांत उतरायचा. घरची शेती दोन दशकं मंदीत होती. नांगरटीची चांगली जमीन गवताला सोडलेली, चर बुजलेले, गडीमाणसं शहराकडे निघालेली. जर्मन पाणबुड्यांनी समुद्र अडवला तर देशावर उपासमारीची वेळ येऊ शकते, हे १९१७ सालीच सगळ्यांना कळून चुकलं होतं. म्हणून १९३९ मध्ये गवताळ रानं पुन्हा नांगराखाली आणायचं ठरलं. युद्धाच्या काळात अशी सुमारे ६० लाख एकर जमीन नांगरली गेली.

पण नांगरायला माणसं कुठून आणायची? शेतमजुरी राखीव धंद्यांत मोडत होती, म्हणजे अनुभवी गड्याला सहसा सक्तीने सैन्यात नेत नसत. तरी गळती थांबली नाही. तरुण आपणहून भरती झाले, बाकीचे विमानतळांच्या बांधकामावर आणि कारखान्यांत गेले, कारण तिथे चार पैसे जास्त मिळत. १ जून १९३९ रोजी, युद्ध जाहीर व्हायच्या तीन महिने आधी, विमेन्स लँड आर्मी, म्हणजे शेतकामासाठी बायकांची सरकारी संघटना, उभी केली गेली ती या पार्श्वभूमीवर. १९५० मध्ये ती मोडेपर्यंत दोन लाखांहून अधिक बायका-मुलींनी तिच्यात काम केलं. भर युद्धात, १९४३ च्या सुमारास, एका वेळी कामावर असलेल्यांची संख्या ८० हजारांच्या घरात होती.

युद्धाने बायकांना घराबाहेर काढलं, त्यांनी पुरुषांची कामं करून दाखवली आणि मग समाज बदलला, अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्यातलं ‘करून दाखवली’ हे शंभर टक्के खरं आहे. समाज बदलला, हे मात्र या प्रकरणाच्या कागदपत्रांत आणि आकड्यांत सापडत नाही. बायकांना काम जमतं हे दोन वर्षांत सिद्ध झालं, आणि तरीही मजुरीचं प्रमाण, नोकरीच्या अटी आणि युद्धानंतरचा मान यांत जवळपास काही हललं नाही. माझं म्हणणं असं की या गोष्टी कर्तबगारीवर ठरलेल्याच नव्हत्या. पहिली मुलगी शिवारात उतरण्याआधीच त्या ठरून गेल्या होत्या.

शेतात बाई नवी नव्हतीच

लँड आर्मीबद्दल वाचताना असं वाटतं की १९३९ आधी इंग्लंडच्या शेतात बाई कधी दिसलीच नसेल. हे साफ खोटं आहे. नॉर्थम्बरलँड आणि स्कॉटलंडच्या सीमाभागात एकोणिसाव्या शतकात ‘बाँडेजर’ बायका होत्या. तिथे सालगड्याला कामावर ठेवताना मालकाची अटच असे की त्याने सोबत एक कामकरी बाई आणायची. बायको, मुलगी, बहीण; घरात कुणी नसेल तर पदरचे पैसे देऊन दुसरी. या बायका सलगम उपटत, शेणखत पसरत, कापणी-मळणीला उभ्या राहत, तेही सगळ्या हंगामांत. दुधाचं आणि लोण्या-चीजचं काम तर इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच हातात होतं.

मग ही बाई कुठे गेली? व्हिक्टोरियन काळातल्या सभ्य माणसांना बायकांनी चिखलात राबणं बघवेना. त्यांना मजुरी कमी मिळते किंवा कंबर मोडते याची चिंता कमी होती. शेतात काम करून बाई राकट होते, तोंडाळ होते, संसाराला निकामी होते, ही चिंता मोठी होती. १८६७ च्या कायद्याने शेतमजुरांच्या टोळ्यांवर बंधनं आली, त्यात बायका आणि पुरुष एकाच टोळीत ठेवायला बंदी होती. टोळ्यांतली लहान मुलांची पिळवणूक थांबवायला कायदा हवाच होता. पण त्याच लाटेत ‘बाईचं काम घरात’ हा मध्यमवर्गीय नेम खेड्यातल्या मजूर घरांवरही चढला. पुरुषांच्या संघटनांनाही तो सोयीचा होता, कारण स्वस्त हात बाजूला झाले की आपली मजुरी टिकते. विसाव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या बहुतेक भागांत पगारी शेतकाम पुरुषांचं झालं होतं, आणि ते जणू पहिल्यापासून तसंच होतं असं मानलं जाऊ लागलं होतं.

पहिल्या महायुद्धात शेतात माणसं मिळेनाशी झाली तेव्हा १९१७ मध्ये पहिली लँड आर्मी निघाली. सुमारे २३ हजार जणी तिच्यात आल्या. गावातल्याच बायका याहून कितीतरी जास्त संख्येने शेतात उतरल्या होत्या, पण पोशाख आणि बिल्ला या २३ हजारांना होता. त्यांच्या पुस्तिकेतली सूचना वाचण्यासारखी आहे. तिचा आशय असा: तुम्ही पुरुषाचं काम करता म्हणून तुमचा वेश पुरुषासारखा आहे, पण आदराची आणि दाक्षिण्याची अपेक्षा ठेवणाऱ्या इंग्रज मुलीसारखंच वागायचं हे विसरू नका. काम बदललं तरी बाईपण ढळू द्यायचं नाही, ही जबाबदारी त्या मुलीवरच टाकलेली. १९१९ मध्ये सेना बरखास्त झाली आणि सगळं जिथल्या तिथे गेलं.

लेडी डेनमन आणि कागदावरची घडी

१९३९ मध्ये या कामाची सूत्रं लेडी गर्ट्रूड डेनमन यांच्याकडे आली. त्या बड्या ठेकेदार आणि तेलसम्राटाची मुलगी, ऑस्ट्रेलियाच्या माजी गव्हर्नर जनरलची पत्नी. १९१३ मध्ये कॅनबेरा या राजधानीचं नाव जाहीर करण्याचा मान त्यांना मिळाला होता. पण इथे त्यांची दुसरी ओळख जास्त कामाची. ग्रामीण बायकांच्या विमेन्स इन्स्टिट्यूट संस्थांच्या राष्ट्रीय महासंघाच्या त्या १९१७ पासून अध्यक्ष होत्या, आणि पहिल्या महायुद्धात शेतीच्या महिला विभागात त्यांनी स्वतः काम केलं होतं. संततिनियमनाच्या चळवळीतही त्या अग्रभागी होत्या. खेडं, शेती आणि बायका या तिन्हींची एवढी माहिती असलेली दुसरी व्यक्ती सरकारला मिळाली नसती. त्यांनी ससेक्समधलं आपलं राहतं घर, बाल्कम प्लेस, लँड आर्मीच्या मुख्यालयासाठी दिलं. पद मानद, पगार नाही.

आता रचना पाहा. नाव ‘आर्मी’, पोशाख सरकारी, पण ही सेना सैन्यदलात मोडत नव्हती. मुलगी नाव नोंदवायची लँड आर्मीत, आणि नोकरी करायची शेतकऱ्याकडे. मजुरी शेतकरी द्यायचा. त्याला नको असेल तर तो काढून टाकायचा, मग दुसरं शेत मिळेपर्यंत तिने वाट बघायची. दुसरीकडे, देश पाठवील तिथे जायची तयारी तिने सुरुवातीलाच लिहून दिलेली असायची. म्हणजे शिस्त सैनिकाची आणि हक्क रोजंदारी मजुराचे. सैन्यातल्या बायकांना रजा होती, प्रवासाचे पास होते, कँटीन होतं. लँड आर्मीतल्या मुलीला वर्षाची एक आठवडा पगारी रजा मिळावी यासाठीही लेडी डेनमन यांना वर्षानुवर्षं मंत्रालयाशी झगडावं लागलं. हे नोकरशाहीच्या विसरभोळेपणाने झालं असं मला वाटत नाही. मुलगी शेतकऱ्याची मजूर राहिली की तिच्याबद्दलचा प्रत्येक प्रश्न ‘मालक आणि मजूर यांच्यातला’ ठरतो आणि सरकारचे हात मोकळे राहतात.

डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित बायकांना राष्ट्रीय सेवा सक्तीची झाली. सैन्याच्या महिला शाखा, नागरी संरक्षण, कारखाने किंवा शेती यांतून निवड करायची होती. लँड आर्मीतल्या जवळपास एक तृतीयांश मुली लंडनच्या किंवा उत्तरेकडच्या मोठ्या औद्योगिक शहरांच्या होत्या. कुणी केशकर्तनालयात काम केलेलं, कुणी दुकानात, कुणी कापड गिरणीत. भित्तिपत्रकांवर हसरी मुलगी, पिवळं ऊन आणि डोलणारं पीक असायचं. निरोगी, आनंदी काम, अशी त्यावरची जाहिरात. पहाटे पाचला गोठ्यात जायचं आहे, हे पत्रकावर नव्हतं.

शेतकऱ्यांचा नकार

युद्ध सुरू झालं तेव्हा १७ हजार जणींची नावं नोंदलेली होती, पण त्यांना घ्यायला शेतकरी तयार नव्हते. १९३९-४० चा हिवाळा फार कडाक्याचा होता, रानं गोठलेली, कामं थोडी. नाव नोंदवून, पोशाख घेऊन कितीतरी जणी घरीच बसून राहिल्या. शेतकऱ्यांचं म्हणणं: शहरातली पोर, तिला गाय कुठून ओळखता येणार, नखं रंगवलेल्या हातांना खत कसं चालणार, आणि तरण्या गड्यांमध्ये ती आली की कामाचं वाटोळं. शेतकऱ्याच्या बायकोलाही परकी मुलगी घरात नको असायची. गंमत अशी की त्या वेळचे कृषिमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ हे स्वतः शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे माजी अध्यक्ष होते. त्यांच्याच मंत्रालयाच्या योजनेला त्यांचीच माणसं दार उघडत नव्हती.

हा विरोध युक्तिवादाने मोडला नाही. तो टंचाईने मोडला. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, बोटी बुडू लागल्या, जिल्ह्याजिल्ह्यातल्या युद्धकालीन शेती समित्या शेतकऱ्याला ‘अमुक रान नांगर’ असं फर्मावू लागल्या. न नांगरणाऱ्याची जमीन काढून घेण्यापर्यंत त्यांचे अधिकार होते. आता ज्याच्याकडे गडी नाही तो मुलगी मागू लागला, आणि एकदा आलेली मुलगी सोडायला तयार होईना. १९४३ पर्यंत मागणी इतकी वाढली की विमानांच्या कारखान्यांना हात कमी पडू नयेत म्हणून सरकारलाच लँड आर्मीची भरती थांबवावी लागली. चार वर्षांपूर्वी दारात उभं न करणारे शेतकरी आता आणखी मुली हव्यात म्हणून तक्रार करत होते.

काम कसलं होतं

शिकवणी चार आठवड्यांची, तीही सगळ्यांना मिळाली नाही. हॅम्पशायरमधल्या स्पारशोल्टच्या कृषी संस्थेत मुली आधी कृत्रिम आचळांवर धारा काढायला शिकत. लाकडी चौकटीला कापडी पिशवी टांगलेली, तिला रबरी सड, आत पाणी. एव्हलिन डनबार या चित्रकार बाईंनी युद्ध-चित्रकार म्हणून हे दृश्य रंगवून ठेवलंय. रबरी सडावर हात बसला तरी खरी गाय वेगळी: ती शेपटी मारते, लाथ मारते, परका हात कळला तर पान्हा चोरते. पहिले पंधरा दिवस मनगटं आणि बोटं सुजून जात. ज्याने कधी सलग सहा-सात गाईंच्या धारा काढल्यात त्याला हे सांगायला नको. आणि गाईला रविवार नसतो.

सगळ्यांत नकोसं काम मळणीचं. गव्हाच्या पेंढ्या महिनोन्‌महिने गंजीत रचलेल्या असत. मळणीयंत्र गावोगाव फिरायचं आणि त्याच्याबरोबर लँड आर्मीच्या टोळ्या. एक जण गंजीवरून पेंढ्या फेकायचा, वर यंत्रावर उभी असलेली मुलगी सुतळी कापून पेंढी आत सारायची. तिथे पाय घसरला तर संपलंच. आणि खाली, यंत्राच्या पोटाशी, जिथे भुसकट आणि काडीकचरा पडत राहतो, तो ओढून काढायचं काम बहुधा लँड आर्मीच्या मुलीलाच मिळायचं. ते काम अवघड मानलं जात नव्हतं, फक्त तिथे श्वास घेता येत नसे. जवाची कुसळं गळ्यात, पाठीत, पापण्यांत घुसायची. गंज तळाशी आली की उंदीर बाहेर पडत, म्हणून पँटचे पाय सुतळीने घट्ट बांधून घ्यायचे. काही जणींना तर उंदीर मारण्याचंच काम होतं. एक हजाराहून अधिक मुलींना त्याचं शिक्षण मिळालं. १९४२ मध्ये लाकूडतोडीसाठी वेगळी टिंबर कोअर निघाली, तिच्यात हजारो जणी कुऱ्हाड-करवत घेऊन जंगलात राहिल्या. खाणींत छताला आधार द्यायचे लाकडी खांब त्यांनी तोडून दिले.

इथे पोत्याबद्दल थोडं लांबून सांगतो, कारण या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते पोत्याने. ‘बाई सगळं करील, पण पोतं उचलेल का?’ हा शेतकऱ्यांचा हुकमी प्रश्न होता. इंग्लंडात मळणीनंतर गव्हाचं पोतं भरायचं ते २५२ पौंडांचं, म्हणजे सुमारे ११४ किलोचं. ते पाठीवर घेऊन जिन्याने धान्यकोठीत चढायचं. जवाचं पोतं सुमारे १०२ किलोचं, ओटचं ७६. हा आकडा आला कुठून? पोत्यात चार बुशेल माप भरायचं हा व्यापाराचा रिवाज होता. बुशेल हे आकारमानाचं माप. गहू जड, म्हणून चार बुशेल गहू एवढा भरतो, ओट हलका म्हणून कमी. म्हणजे ११४ किलोचा आकडा ना पिकाने ठरवला ना जमिनीने. तो मोजमापाच्या सवयीने ठरला होता. धान्य अर्ध्या पोत्यात भरायला कुणाची ना नव्हती, पण भरत नव्हते. त्या ओझ्याने पुरुषांच्याही पाठी मोडत होत्या, फक्त ते कुणी हिशेबात धरत नव्हतं. आपल्या बाजार समित्यांत शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं म्हणून हमालांना किती वर्षं भांडावं लागलं, ते आठवलं की हा मुद्दा लगेच पटतो. ज्या कामाला ‘पुरुषाचं’ म्हणून वेगळं काढलं होतं, त्यातलं बरंचसं पुरुषपण अशा रिवाजांत होतं.

आणि जिथे जोर लागत नव्हता तिथे काय झालं? ट्रॅक्टर आला. फोर्डसन ट्रॅक्टर थंडीत हँडल मारून चालू करायला मनगटात दम लागतो, पण नांगराच्या घोड्यांमागे दिवसभर चालण्यापेक्षा तो परवडला. मुली ट्रॅक्टर उत्तम चालवू लागल्या, दुरुस्तीही शिकल्या. ब्रिटनमधल्या ट्रॅक्टरांची संख्या युद्धाच्या काळात तिपटीहून अधिक झाली. ताकदीच्या युक्तिवादातली हवा या यंत्राने काढून घेतली होती. तरीही मजुरी जिथे होती तिथेच राहिली.

मजुरीचं गणित

१९३९ मध्ये लँड आर्मीतल्या १८ वर्षांवरच्या मुलीची किमान मजुरी आठवड्याला २८ शिलिंग होती. २० शिलिंगांचा एक पौंड. यातले निम्मे, १४ शिलिंग, राहण्या-खाण्याचे कापले जात. कामाचे तास हिवाळ्यात ४८, उन्हाळ्यात ५०, आणि सुगीला त्याहून कितीतरी जास्त. त्याच वेळी पुरुष शेतमजुराची सरासरी किमान मजुरी ३८ शिलिंगांच्या आसपास होती. भागाकार केला तर बाईला पुरुषाच्या सुमारे ७४ टक्के.

आता १९४४. युद्धाला पाच वर्षं होत आली आहेत. बायका नांगरत आहेत, धारा काढत आहेत, झाडं पाडत आहेत, शेतकरी त्यांच्यासाठी रांगेत आहेत. बाईची किमान मजुरी वाढून ४८ शिलिंग झाली. पुरुषाची झाली ६५. पुन्हा भागाकार करा: सुमारे ७४ टक्के.

रक्कम वाढली, प्रमाण तसूभर हललं नाही. माझ्या दृष्टीने या सबंध प्रकरणातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. मजुरी कामावर ठरत असती तर १९३९ च्या नवख्या मुलीत आणि १९४४ च्या तरबेज ट्रॅक्टर-चालक बाईत फरक पडला असता. मजुरी ठरत होती ती करणारा कोण यावर. शिवाय अर्धी मजुरी जेवणाखाण्यात कापली जाणार, म्हणून मुलगी पोटापुरतं कमावते आणि गडी कुटुंबापुरतं, हे गृहीतक आत दडलेलं. विधवा आई आणि लहान भावंडं घरी असलेल्या मुलींनाही तेच लागू. महाराष्ट्रात गड्याची हजेरी आणि बाईची हजेरी वेगवेगळी धरणारा प्रत्येक शेतमालक हेच गृहीतक मनात धरून असतो, मग निंदणी-खुरपणीत बाईचा हात त्याच्या दुप्पट चालत का असेना.

ब्रीचेस आणि बिल्ला

पोशाखात हिरवा स्वेटर, फिकट तपकिरी शर्ट, टाय, तपकिरी हॅट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि ब्रीचेस. गुडघ्याशी घट्ट बांधलेली पँट घातलेली मुलगी चर्चमध्ये बसली की गावात कुजबुज व्हायची. सहा-सहा महिन्यांच्या सेवेबद्दल दंडपट्टीवर लावायला लाल रंगाचे छोटे शंकरपाळी बिल्ले मिळत. मुलींना त्याचा अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता. कोसो दूरच्या शेतघरावर एकटी राहणारी मुलगी लँड आर्मीच्या मासिकातून, बिल्ल्यातून दुसऱ्या मुलींशी जोडली जायची. १९४४ पर्यंत २२ हजार जणी सुमारे ७०० वसतिगृहांत राहू लागल्या होत्या; तिथे तरी सोबत होती. एकट्या शेतघरावर मालकाची नजर वाईट असेल तर तक्रार करायला जिल्ह्याच्या प्रतिनिधी बाई, त्याही महिन्यातून एकदा येणार.

पण ज्यांना बिल्लाच नव्हता त्यांचं काय? शेतकऱ्याची बायको पहाटे धारा काढत होती, कोंबड्या-वासरं बघत होती, सुगीत पंधरा जणांचं जेवण शेतावर नेत होती, वर लँड आर्मीच्या मुलीला रांधून घालत होती. तिला ना पोशाख, ना २८ शिलिंग. गावातल्या मजूर बायकाही बटाटे काढायला, बीट उपटायला वर्षानुवर्षं जात होत्या. लँड आर्मीचं नवल वाटलं कारण शहरी मुलगी शेतात आली. गावची बाई शेतात होतीच, म्हणून तिचं नवल कुणाला वाटलं नाही.

याच काळात मराठी मुलखातली हजारो माणसं मराठा लाइट इन्फंट्रीतून आफ्रिकेत, इटलीत लढत होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर खोऱ्यात आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात ज्या घरांतले गडी पलटणीत गेले त्या घरांची लावणी, कापणी, गुरं कुणी सांभाळली हे सांगायची गरज नाही. भारतात त्यासाठी कुठली महिला शेतसेना निघाली नाही. इंग्लंडच्या शेतकऱ्याच्या बायकोसारखीच आपली ही बाई हिशेबात आली नाही, आणि कारणही तेच: ती तिथे आधीपासून राबत होती.

१९४५ : हिशेबाची वेळ

फेब्रुवारी १९४५ मध्ये, विजय दिसू लागल्यावर, युद्धानंतर कुणाला काय मिळणार याची यादी सरकारने ठरवली. सैन्यातल्या बायकांना बक्षिसी, शिक्षणासाठी मदत, नागरी कपडे घ्यायला पैसे. नागरी संरक्षणातल्यांनाही काही सवलती. लँड आर्मीला काही नाही. कारण ती सैन्य नाही, मुली शेतकऱ्याच्या नोकर आहेत, आणि त्यांना दिलं तर कारखान्यातल्या बायकाही मागतील. १९३९ मध्ये कागदावर घातलेली घडी इथे कामाला आली.

लेडी डेनमन यांनी राजीनामा दिला. पाच-सहा वर्षं त्यांनी मंत्रालयाच्या आत राहून पत्रं लिहिली होती, बैठका घेतल्या होत्या, मुलींना ‘धीर धरा’ सांगितलं होतं. त्या काही रस्त्यावर उतरणाऱ्या बाई नव्हत्या. म्हणूनच त्यांच्या राजीनाम्याचं वजन मोठं होतं, आणि संसदेत, वर्तमानपत्रांत त्यावरून गदारोळ झाला. मुलींनीही निषेध केला. मे महिन्यात सरकारने थोडी माघार घेतली: लँड आर्मीच्या कल्याण निधीला दीड लाख पौंड दिले, आणि मुलींना बूट व ओव्हरकोट ठेवायची परवानगी दिली. कोट मात्र गडद निळ्या रंगात रंगवून घ्यायचा. सहा वर्षं अंगावर असलेला कोट तिचाच, पण त्यावरून ती कोण होती हे ओळखू येता कामा नये.

त्यांना लगेच सोडलंही नाही. युद्ध संपलं तरी अन्नटंचाई संपली नव्हती. उलट युद्धात कधीही न झालेलं पावाचं रेशनिंग १९४६ मध्ये सुरू झालं आणि दोन वर्षं चाललं. म्हणून लँड आर्मी १९५० च्या नोव्हेंबरपर्यंत राबली. बक्षिसीच्या वेळी सैन्य नाही, आणि गरज असताना मोकळीकही नाही, अशा दोन्ही बाजूंनी तिला धरलं होतं. ऑक्टोबर १९५० मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात सुमारे ५०० जणींचं शेवटचं संचलन झालं.

पुढे काय झालं

बहुतेक जणी आपापल्या घरी परतल्या. ट्रॅक्टरची सीट पुन्हा पुरुषांकडे गेली, आणि काही वर्षांत कंबाइन हार्वेस्टरने मळणीची टोळीच संपवली. बाई आणि पुरुष यांच्या वेगळ्या मजुरीला कायद्याने चाप बसला तो समान वेतन कायद्याने; कायदा झाला १९७० मध्ये, अंमल १९७५ च्या अखेरीस. त्यामागे कारखान्यांतल्या बायकांचे संप होते. लँड आर्मीच्या नावाने तो झाला नाही. २००८ मध्ये ब्रिटिश सरकारने हयात असलेल्या लँड आर्मी आणि टिंबर कोअरच्या बायकांना सन्मानाचा बिल्ला दिला. अर्ज करणाऱ्या हजारो जणी तोवर ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या.

लँड आर्मीतल्या कितीतरी जणींनी मात्र शेतं सोडली नाहीत. जिथे कामाला गेल्या तिथल्याच शेतकऱ्याशी किंवा त्याच्या मुलाशी लग्न करून त्या राहिल्या, आणि त्याच गाई, तेच रान पुढची तीस-चाळीस वर्षं सांभाळलं. युद्धाच्या काळात कृषी खातं दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक शेताकडून माहितीपत्रक भरून घ्यायचं: किती एकर, किती गुरं, किती मजूर. मजुरांच्या रकान्यात शेतकरी स्वतः, त्याची बायको आणि घरकामाचे नोकर धरायचे नाहीत, अशी सूचना असे. लँड आर्मीची मुलगी त्या रकान्यात मोजली जायची. शेतकऱ्याशी लग्न झालं की दुसऱ्या दिवशी तीच बाई, त्याच गोठ्यात, त्याच वेळी धारा काढत असताना, रकान्यातून वगळली जायची.